रिकाम्या तासांचे उपकार



स्मृतिव्याख्यानाला कार्टून हा विषय शोभतो का, अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात आली असेल, आणि ती रास्तच आहे. आपल्याकडे कार्टून म्हणजे मूल नीट जेवावे म्हणून समोर लावून द्यायची गोष्ट. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत करमणुकीच्या धंद्यात जी उलथापालथ झाली, तिचा सांगाडा अमेरिकेतल्या कार्टून वाहिन्यांत जितका स्वच्छ दिसतो तितका बातम्यांत, क्रिकेटात किंवा कौटुंबिक मालिकांत दिसत नाही. म्हणून हा विषय घेतला. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. केबलच्या जमान्यात जुनी कार्टुने जिवंत राहिली, नवख्या चित्रकारांना उमेदवारी करायला जागा मिळाली आणि चाहत्यांची एक जाणकार पिढी घडली, यामागे मालकांचे कलाप्रेम फारसे नव्हते. वाहिनीला दिवसाचे चोवीस तास भरायचे होते, हे खरे कारण. स्ट्रीमिंग सेवेला, म्हणजे आपण जिला सरसकट ओटीटी म्हणतो तिला, तास भरायचे नसतात. तिला वर्गणीदार आणायचे असतात आणि टिकवायचे असतात. एवढ्या एका फरकाने जुने कार्टून जमेच्या बाजूवरून खर्चाच्या बाजूला जाऊन बसले. चाहत्याच्या वाट्याला आज जे सुख आहे आणि जो मनस्ताप आहे, दोन्ही याच फरकातून आले आहेत.

मुळापासून पाहू. अटलांटाच्या टेड टर्नर यांनी १९८६ साली एमजीएम ही चित्रपट कंपनी विकत घेतली, कर्ज डोईजड झाल्यावर काही महिन्यांतच तिचा बराचसा भाग परत विकला, पण चित्रपटांचा संग्रह तेवढा स्वतःकडे ठेवला. त्यात 'टॉम अँड जेरी' होते, पॉपाय होता, वॉर्नर ब्रदर्सची चाळीसच्या दशकातली बरीच रंगीत कार्टुने होती. १९९१ मध्ये त्यांनी ३२ कोटी डॉलर मोजून हॅना-बार्बेरा ही कंपनी घेतली, आणि तिच्याबरोबर फ्लिंटस्टोन कुटुंब, योगी अस्वल आणि स्कूबी-डू आले. १ ऑक्टोबर १९९२ रोजी कार्टून नेटवर्क सुरू झाले तेव्हा वाहिनीकडे स्वतःची म्हणावी अशी नवी मालिका नव्हती. होता तो सुमारे ८,५०० तासांचा जुना माल. चोवीस तासांनी भागले तर हा वर्षभरालाही पुरत नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून ही वाहिनी पुनःप्रक्षेपणावर उभी होती, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नव्हता. दरवर्षी पाच वर्षांच्या मुलांची नवी तुकडी टीव्हीसमोर येऊन बसते. तिच्या दृष्टीने १९४५ सालचे कार्टून कालचेच असते. शिवाय मूल एकच गोष्ट चाळीसदा ऐकते तसे एकच कार्टून चाळीसदा पाहते. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते, सामना निकाल लागला की संपतो. कार्टून मात्र शिळे होत नाही. केबलवाल्याला याहून स्वस्त आणि टिकाऊ माल मिळणे शक्य नव्हते.

पैशाची व्यवस्थाही याला पोषक होती. अमेरिकेत केबलचे गिऱ्हाईक थाळी घेई; कारल्याची भाजी नको असली तरी तिचे पैसे थाळीच्या दरात धरलेलेच असत. त्या मासिक बिलातले काही सेंट दर घरामागे प्रत्येक वाहिनीला मिळत, घरात कोणी ती वाहिनी लावो वा न लावो. भरभराटीच्या काळात अशी घरे दहा कोटींच्या आसपास होती. वर जाहिरातींचे उत्पन्न वेगळे. त्यामुळे पहाटे तीन वाजता लावलेल्या कार्टूनने स्वतःचा खर्च स्वतः काढला पाहिजे, असा आग्रह कोणी धरत नसे. त्या वेळेला काहीतरी लावायचे असे, आणि जे हाताशी असे ते लावले जाई.

या 'काहीतरी लावायचे आहे' मधून काय काय निघाले ते बघण्यासारखे आहे. १९६६ साली हॅना-बार्बेराने 'स्पेस घोस्ट' नावाचा एक अंतराळवीर काढला होता. १९९४ मध्ये कार्टून नेटवर्कच्या माइक लॅझो आणि मंडळींनी त्याची जुनी चित्रे कापून घेतली, त्याला एका टेबलामागे बसवले आणि मुलाखतकार केले. समोर टीव्हीच्या पडद्यावर खराखुरा जिवंत पाहुणा. अंतराळवीराचे हातवारे अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे, ओठांची हालचाल कशीबशी जुळवलेली, आणि पाहुण्याच्या उत्तराशी प्रश्नाचा संबंध असेलच याची खात्री नाही. हाती पैसा नसल्यामुळे सुचलेली ही युक्ती होती. पण तिच्यातून मोठ्यांसाठीच्या तिरकस अ‍ॅनिमेशनची एक शैलीच जन्माला आली आणि सप्टेंबर २००१ मध्ये 'अ‍ॅडल्ट स्विम' हा रात्रीचा विभाग उभा राहिला. त्या अंतराळवीराचा शत्रू मोल्टार १९९७ साली 'टूनामी' या विभागाचा पहिला निवेदक झाला, आणि 'टूनामी'ने 'ड्रॅगन बॉल झी', 'सेलर मून', 'गंडम विंग' दाखवून अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना जपानी अ‍ॅनिमेची गोडी लावली. १९९५ मध्ये 'व्हॉट अ कार्टून' या नावाखाली तरुण चित्रकारांना सातेक मिनिटांचा एकेक प्रयोग करू दिला गेला. त्यांपैकी काही प्रयोगांतून डेक्स्टर, जॉनी ब्राव्हो, पॉवरपफ गर्ल्स आणि भित्रा कुत्रा करेज यांच्या मालिका झाल्या. गेन्डी टार्टाकोव्हस्की आणि क्रेग मॅक्रॅकन ही नावे तिथून पुढे आली. साठा जुना होता म्हणून नव्याला परवडले, हा क्रम ध्यानात ठेवावा.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. वेळापत्रक बनवणारा माणूस ओळखीच्या कार्यक्रमाला लागून अनोळखी कार्यक्रम ठेवतो. 'टॉम अँड जेरी' संपले, रिमोट दूर पडला आहे, तेवढ्यात काहीतरी विचित्र सुरू झाले आणि मूल ते पाहत राहिले. आवड अशीच विस्तारते. स्वतः निवड करणारा माणूस बहुधा आधी आवडलेल्याच्याच जातीचे निवडतो, आणि शिफारस करणारे यंत्र त्याला त्याच कुंपणात फिरवते. शिवाय पुनःप्रक्षेपण हे पडलेल्या मालिकांचे वरचे न्यायालय होते. 'फॅमिली गाय' फॉक्स वाहिनीने २००२ मध्ये बंद केली. अ‍ॅडल्ट स्विमवरचे रात्रीचे प्रक्षेपण आणि डीव्हीडीचा जोरदार खप यांमुळे २००५ मध्ये तिला परत आणावे लागले. 'फ्युचुरामा'चेही तेच: फॉक्सने सोडली, अ‍ॅडल्ट स्विमने दाखवत ठेवली, कॉमेडी सेंट्रलने पुढे चालवली, आणि २०२३ मध्ये हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर ती पुन्हा उगवली.

आता स्ट्रीमिंगचे उपकार मोकळेपणाने मांडले पाहिजेत, नाहीतर हे सगळे म्हाताऱ्यांचे रडगाणे ठरेल. केबलवरच्या चाहत्याची अवस्था काही हेवा वाटावी अशी नव्हती. एक भाग चुकला की चुकला. क्रम उलटसुलट. मालिकेची वेळ कधी बदलेल आणि ती कधी गायब होईल याचा भरवसा नाही. 'यंग जस्टिस' ही चांगली चाललेली मालिका कार्टून नेटवर्कवर २०१३ मध्ये संपली. तिचे निर्माते ग्रेग वाइझमन यांनी उघडपणे सांगितले की खेळणी खपली नाहीत आणि खेळण्यांच्या कंपनीने हात काढून घेतला, म्हणून पैसा आटला. तिला पुन्हा जीव मिळाला तो नेटफ्लिक्सवर लोक ती पाहत राहिले म्हणून. तिसरे पर्व २०१९ मध्ये एका स्ट्रीमिंग सेवेवरच आले. 'स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स' केबलवर अर्धवट सुटली होती, तिचे सहावे पर्व नेटफ्लिक्सने दाखवले आणि सातवे २०२० मध्ये डिस्ने प्लसने. 'बोजॅक हॉर्समन' ही सहा पर्वांची, सलग पाहिल्याशिवाय न उलगडणारी, नैराश्यावरची मालिका जाहिरातदारांच्या जिवावर चालणाऱ्या कुठल्या वाहिनीने एवढी वर्षे चालवली असती, हे सांगणे कठीण आहे. आणि अ‍ॅनिमे! पूर्वी कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, कापून-छाटून येणारे भाग आता जपानात दाखवल्यावर काही तासांत उपशीर्षकांसह मिळतात. चाहता मूर्ख नव्हता; जिथे सोय होती तिथे तो गेला. जुलै २०२२ मध्ये, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत, अमेरिकेतल्या टीव्ही पाहण्याच्या वेळेत स्ट्रीमिंगचा वाटा ३४.८ टक्के आणि केबलचा ३४.४ टक्के भरला. स्ट्रीमिंग केबलच्या पुढे गेल्याचा तो पहिला महिना.

त्याच्या पुढच्याच महिन्यात स्ट्रीमिंगचा खरा चेहरा दिसला. त्या एप्रिलमध्ये वॉर्नरमीडिया आणि डिस्कव्हरी या कंपन्या एक झाल्या होत्या आणि नव्या कंपनीच्या डोक्यावर ५० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज होते. ऑगस्टमध्ये तिच्या एचबीओ मॅक्स सेवेवरून तीन डझन नावे एका आठवड्यात काढली गेली, आणि त्यांत अ‍ॅनिमेशनचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका मोठा होता. त्यांतली एक मालिका जवळून पाहू. 'इन्फिनिटी ट्रेन' ही ओवेन डेनिस यांची निर्मिती. एक अंत नसलेली आगगाडी वैराण प्रदेशातून धावते आहे. तिच्या प्रत्येक डब्यात एक वेगळेच जग आहे. आईवडिलांच्या घटस्फोटाने सैरभैर झालेली ट्यूलिप नावाची मुलगी तिच्यात चढते आणि तळहाताकडे पाहते तर तिथे हिरवा आकडा चमकतो आहे. मनातली गाठ सुटेल तसा आकडा उतरतो, आणि शून्यावर आला की घरी जायचे दार उघडते. हटवादीपणा केला तर तो चढतो. तिसऱ्या पर्वात असे प्रवासी भेटतात ज्यांना वाटते की मोठा आकडा म्हणजे मोठेपणा. त्यांचे आकडे हातावरून खांद्यापर्यंत चढलेले आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. मुलांच्या मालिकेत अपराधभावना आणि अहंकार इतक्या सोप्या खुणेने दाखवलेले मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. पहिली दोन पर्वे केबलवर लागली, पुढची दोन सरळ स्ट्रीमिंगवर आली. पहिल्या दोन पर्वांच्या डीव्हीडी निघाल्या. पुढच्या दोन पर्वांच्या निघाल्याच नाहीत. सेवेवरून मालिका उतरवली गेली तेव्हा वाहिनीच्या यूट्यूबवरच्या तिच्या चित्रफितीही उतरल्या. निर्मात्यालाही आगाऊ कल्पना नव्हती.

हे का केले गेले, याचे उत्तर दुष्टपणात शोधू नये, हिशोबात शोधावे. स्ट्रीमिंग सेवेवर नाव ठेवले की आवाज देणाऱ्या नटांना आणि इतरांना करारानुसार पैसे द्यावे लागतात, हक्कांचे नूतनीकरण करावे लागते. हा खर्च फार मोठा नसतो, पण त्या नावामुळे नवा वर्गणीदार येत नसेल तर समोर जमा काहीच नाही. आणि नाव कायमचे मोडीत काढले तर त्याची उरलेली किंमत तोटा म्हणून दाखवून कर वाचवता येतो. केबलवर तीच मालिका दुपारी दोनची जागा भरत असती, तिच्या मध्ये साबणाची जाहिरात लागली असती. इथे भरायला जागाच नाही. पडद्यावरच्या यादीला तळ नसतो, त्यामुळे यादीतल्या एखाद्या नावावाचून कोणाचे अडत नाही. यात सर्वांत जास्त भरडला गेला तो चित्रकार. अमेरिकेच्या अ‍ॅनिमेशन गिल्ड या कामगार संघटनेच्या करारात चित्रकारांना आणि लेखकांना पुनःप्रसारणाचे पैसे हातात मिळत नाहीत. ते आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाच्या निधीत जातात. त्यामुळे केलेले काम लोकांना पाहता येणे हेच त्याचे भांडवल असते. पुढच्या नोकरीसाठी तो काय दाखवणार?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: केबलही काही धर्मशाळा नव्हती. मान्य. कार्टून नेटवर्कने २०१३ नंतर 'टीन टायटन्स गो'चे भाग दिवसदिवसभर एकामागे एक लावून बाकी सगळ्यांना कोपऱ्यात ढकलले, आणि चाहत्यांनी बोटे मोडली. निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर स्पंजबॉबचे राज्य होते. काही जुनी कार्टुने वर्षानुवर्षे कुलपात होती. पण या उदाहरणांतून सिद्ध होते ते इतकेच की केबलला चव नव्हती. आणि मी तिला चव होती असे म्हटलेलेच नाही. तिला गरज होती. चव बदलते, मालक बदलतो. चोवीस तास मात्र चोवीसच राहतात. कुलपातले कार्टून उद्या लागण्याची शक्यता तिथे होती, कारण ते नष्ट करून कोणाला फायदा नव्हता. फायदा उत्पन्न झाला तो आता.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. लहान मुले स्ट्रीमिंगवरही तीच ती कार्टुने पुन्हापुन्हा पाहतातच की. 'ब्लुई' या ऑस्ट्रेलियन कुत्र्यांच्या कुटुंबाची मालिका २०२४ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिली गेलेली स्ट्रीमिंग मालिका ठरली: नील्सनच्या गणतीनुसार ५५ अब्ज मिनिटांहून जास्त. एवढी किंमत पुनरावृत्तीला असेल तर सेवांना जुने नको आहे असे कसे म्हणता? उत्तर असे की त्यांना सगळे जुने नको असते, शिखरावरचे तेवढे हवे असते. 'ब्लुई'ने आणखी एक अब्ज मिनिटे खेचली तर तिच्या शेजारच्या अनोळखी मालिकेला त्यातले एक मिनिटही मिळत नाही, कारण शेजार नावाची गोष्टच उरलेली नाही. एक भाग संपला की पाच-दहा सेकंदांत त्याच मालिकेचा पुढचा भाग सुरू होतो. जिथे वेळापत्रक होते तिथे लोकप्रिय मालिका दुबळीला खांद्यावर घेई. आता लोकप्रिय मालिका स्वतःच्याच पाठीवर स्वार झाली आहे. नेटफ्लिक्सचेच बघा. २०१३ मध्ये तिने ड्रीमवर्क्सशी ३०० तासांच्या नव्या कार्यक्रमांचा करार केला होता, चित्रकारांना वाटले सुवर्णयुग आले. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत तिचे दोन लाख वर्गणीदार घटले, आणि काही आठवड्यांत जेफ स्मिथ यांच्या 'बोन' या गाजलेल्या चित्रकथेवरची नियोजित मालिका धरून अनेक अ‍ॅनिमेशन प्रकल्प बंद झाले. 'टूका अँड बर्टी' तर तिने २०१९ मध्ये एका पर्वानंतरच सोडली होती. तिला पुढची पर्वे कोणी दिली? अ‍ॅडल्ट स्विमने, म्हणजे केबलने.

दरम्यान केबलचे काय झाले तेही पाहू. मुले गेली, जाहिराती गेल्या, नव्या मालिका स्ट्रीमिंगकडे वळवल्या गेल्या. २०२३ मध्ये अ‍ॅडल्ट स्विमने कार्टून नेटवर्कच्या वेळेवर आधी सात वाजल्यापासून आणि मग ऑगस्टअखेरीस संध्याकाळी पाच वाजल्यापासून ताबा मिळवला. शाळेतून आलेल्या मुलाची ती वेळ आता मोठ्यांची झाली, आणि तिथे काय लावले? 'डेक्स्टर', 'करेज', 'एड, एड अँड एडी' ही नव्वदच्या दशकातली कार्टुने, आता तिशी-चाळिशीला आलेल्या त्याच प्रेक्षकांसाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये वाहिनीचे संकेतस्थळ बंद करून लोकांना मॅक्सकडे, म्हणजे नाव बदललेल्या एचबीओ मॅक्सकडे, पाठवले गेले आणि सप्टेंबरअखेर बूमरँग या तिच्या भावंड-वाहिनीचे स्वतंत्र अ‍ॅपही बंद झाले. ज्या मॅक्सकडे पाठवले, तिने मार्च २०२५ मध्ये लूनी ट्यून्सची मूळ कार्टुनेच काढून टाकली. बग्ज बनी ज्या कंपनीचे बोधचिन्ह आहे, तिच्याच घरात बग्ज बनीला जागा नाही!

पण याच वेळी एक उलटी घटना घडत होती आणि ती माझ्या प्रतिपादनाचा सर्वांत मोठा पुरावा आहे. जून २०२४ मध्ये शिकागोच्या वायगल ब्रॉडकास्टिंगने 'मीटीव्ही टून्स' नावाची, साध्या अँटेनावरही दिसणारी वाहिनी सुरू केली. चोवीस तास कार्टून, बहुतेक जुने, आणि करार त्याच वॉर्नर कंपनीशी. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये लूनी ट्यून्सचा मोठा संच 'टुबी' या मोफत, जाहिरातींवर चालणाऱ्या सेवेवर आला. एका दुकानात ओझे ठरलेला माल दुसऱ्या दुकानाने हौसेने घेतला; कारण पहिले दुकान वर्गणीवर चालते, आणि दुसऱ्याला तास व जाहिरातींच्या जागा भरायच्या आहेत. माल तोच, प्रेक्षक तोच. तंत्रज्ञानाला दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: टुबीही इंटरनेटवरूनच चालते. प्रश्न तारेचा की हवेचा असा नाही. पैसा कशातून येतो याचा आहे.

चाहत्यांनी या सगळ्यात हातावर हात ठेवून बसणे पत्करले नाही. 'फायनल स्पेस'चे निर्माते ओलन रॉजर्स यांना मालिकेचा शेवट करू दिला गेला नाही आणि तिलाही तोट्यात टाकले गेले. चाहत्यांच्या आगाऊ मागणीवर त्यांनी तो शेवट चित्रकादंबरीच्या रूपात छापला. 'हॅझबिन हॉटेल'चा पहिला भाग २०१९ मध्ये यूट्यूबवर आला तो चाहत्यांच्या आर्थिक पाठबळावर. पुढे अ‍ॅमेझॉनने ती मालिका घेतली. ऑस्ट्रेलियाच्या ग्लिच स्टुडिओने 'द अमेझिंग डिजिटल सर्कस' यूट्यूबवर चालवली. काहींना यात पर्यायी व्यवस्था दिसते. मला तितकी आशा वाटत नाही. चाहते एका मालिकेला तारू शकतात; आठ हजार तासांचा संग्रह सांभाळणे हे चाहत्यांचे काम नव्हे. आज ते करतात कसे? चोरून साठवलेल्या प्रती एकमेकांना देऊन. 'इन्फिनिटी ट्रेन' काढली गेली तेव्हा पुष्कळ प्रेक्षकांपुढे तोच मार्ग उरला. मी चोरीची भलामण करत नाही. मालक माल विकायला तयार आहे आणि तरी तुम्ही फुकट घेता, ही चोरीच. पण मालक विकायला, दाखवायला, भाड्याने द्यायलाही तयार नाही, आणि न दाखवण्याबद्दल त्याला करात सूट मिळते, तेव्हा नीतीचा प्रश्न एकट्या प्रेक्षकाला विचारून चालत नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार कंपनीच्या मालकीच्या कृतीवर प्रकाशनापासून ९५ वर्षे हक्क राहतो. म्हणून १९२८ चा 'स्टीमबोट विली' २०२४ मध्ये मुक्त झाला. २०१९ ची 'इन्फिनिटी ट्रेन' मुक्त होईल १ जानेवारी २११५ रोजी. तोवर ती दाखवण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला ती दाखवायची नाही.

हे दूरच्या देशातले प्रकरण आहे असे समजू नका. १ मे १९९५ रोजी कार्टून नेटवर्क भारतात आले तेव्हा रात्री त्याच वाहिनीवर टर्नर यांच्याच टीएनटी वाहिनीचे जुने इंग्रजी चित्रपट लागत. आपल्या गावोगावच्या केबलवर मुलांनी पाहिले ते टर्नर यांच्या त्याच साठ्यातले. पुढे हिंदी डबिंग आले, २००४ मध्ये पोगो आली, २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा 'छोटा भीम' आणि २०१२ मध्ये निकलोडियनवर मुंबईच्या कॉसमॉस-मायाचे 'मोटू पतलू' आले. या देशी मालिका वाढल्या त्याही भरायच्या तासांमुळेच. मराठीचा वाटा त्यात नगण्य राहिला; मराठी मुलांनी कार्टून पाहून हिंदी शिकून घेतली आणि आपण कौतुक केले. मराठी ध्वनिमार्ग असलेली मुलांची वाहिनी यायला बराच काळ थांबावे लागले. आता मुलांच्या हातात फोन आला आहे. स्ट्रीमिंगच्या हिशोबात एका मराठी डबिंगने किती नवे वर्गणीदार येतील, हा प्रश्न विचारला जाणार आणि उत्तर काय येईल ते सांगायला ज्योतिषी नको. अमेरिकेत इन्फिनिटी ट्रेनचे जे झाले ते इथे कोणा मराठी मालिकेचे झाले तर वर्तमानपत्रात दोन ओळीही येणार नाहीत.

आणि हरवण्याचा अनुभव आपल्याला जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली आगकाड्या एकेक चित्र घेत हलवून 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला. भारतीय अ‍ॅनिमेशनचा इतिहास बहुतेक सगळे तिथून सुरू करतात, आणि तो चित्रपट आज उपलब्ध नाही. त्या काळच्या फिती जळत, सडत, चांदीसाठी वितळवल्या जात. जपायला हव्यात असे कोणाला वाटत नसे. अज्ञानाने गेले, असे म्हणून त्या पिढीला माफ करता येते. आज प्रती शाबूत आहेत, संगणकात आहेत, जागाही फारशी अडवत नाहीत.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. ज्या कृतीवर कंपनीने तोटा दाखवून करसवलत घेतली, तिची एक प्रत सार्वजनिक संग्रहात जमा झाली पाहिजे, आणि ठरावीक मुदतीनंतर अभ्यासकांना ती तिथे पाहता आली पाहिजे. करसवलत लोकांच्या पैशातून मिळते. त्याच्या बदल्यात एवढे मागणे जास्त नाही. कंपन्या म्हणतील की याने त्यांच्या मालकीला धक्का लागतो. प्रकाशकही असे म्हणू शकले असते. आपल्या देशात १९५४ पासून असा कायदा आहे की छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवली पाहिजे. त्यांतले एक मुंबईत, टाउन हॉलमध्ये आहे. त्यामुळे कोणा प्रकाशकाचे दिवाळे निघाले नाही. या सभागृहात ग्रंथालय चळवळीतले कार्यकर्ते आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत. त्यांना विनंती आहे की हा कायदा एकदा काढून वाचावा. १९५६ साली त्यात वृत्तपत्रांची भर घातली गेली. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि अ‍ॅनिमेशन यांचा समावेश त्यात अजून झालेला नाही.